काठावरचे धडे

नदीच्या एका खोल डोहाकाठी, जांभळाच्या मुळांखालच्या बिळात, एक पाणमांजर आपल्या लेकीला घेऊन राहत असे. मागच्या डोहात तिच्या तीन पिल्लांपैकी दोन मगरीने ओढून नेली होती. तो डोह तिने सोडला, पण भीती काही तिला सोडेना.

मुलांनो, पाणमांजराचं पिल्लू पोहता येऊनच जन्माला येतं, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं बरं का. त्यालाही पाण्याचं भय वाटतं. मग आई त्याचं मानगूट धरते आणि सरळ पाण्यात सोडते. नाकातोंडात पाणी जातं, पिल्लू रडतं, काठाकडे धावतं. पण एकदा का अंग तरंगलं, की त्याला पाण्याबाहेर काढताना आईच्या नाकी नऊ येतात!

या आईने मात्र लेकीला पाण्यात सोडलंच नाही. मासा आणून ती तिच्या तोंडाशी धरायची. लेक मोठी चौकस. काठावर बसून विचारायची, "आई, आत कसं असतं गं?"

मग आई सांगत बसे. बुडी घेताना कान मिटायचे. शेपटीने वळायचं. मासा दगडाच्या सावलीच्या बाजूला लपतो. सांगताना तिला स्वतःचा पहिला दिवस आठवायचा, अंग आपोआप हलकं झालं होतं तो, आणि तिचा आवाज बदलायचा. लेकीने सगळं घडाघडा पाठ केलं. डोहातली इतर पाणमांजरं काठावर ऊन खायला आली, की आई कौतुकाने म्हणायची, "म्हणून दाखव गं." लेक म्हणून दाखवायची. आईचा ऊर भरून यायचा.

त्यांच्यात एक म्हातारी पाणमांजर होती. सगळे तिला मावशी म्हणत. ती एकदा म्हणाली, "अगं, तोंडाने काय पोहायचंय तिला? ढकल की आत!"

"मावशी, माझी दोन गेली आहेत."

"या डोहात मगर नाही."

"तिथेही नव्हती. एक दिवस आली."

पण एका सकाळी आई मासे धरायला गेली असताना मावशीने लेकीचं मानगूट पकडलं आणि तिला उथळ पाण्यात सोडलं. लेक बुडाली, वर आली, खोकली. पाय मारता मारता तिचं अंग तरंगलं, आणि ती चक्क हसली! "मावशी, मी हलकी झाले! बघ ना, मी हलकी झाले!"

तेवढ्यात आई आली. ती अशी किंचाळली, की झाडावरचे पक्षी उडाले. लेकीला तिने फरफटत काठावर आणलं आणि मावशीच्या अंगावर धावून गेली. "पोर माझं आहे! त्याला काही झालं असतं तर तू भरून देणार होतीस?"

"नाही बाई," मावशी म्हणाली. "तुझं तू बघ."

इतक्या धड्यांनी लेकीला शिकवलं नव्हतं ते त्या एका किंकाळीने शिकवलं. पाणी म्हणजे आई जिथे किंचाळते ती जागा. त्या दिवसापासून ती काठावरही चार हात मागे बसू लागली.

उन्हाळा लागला. डोह आटत चालला, मासे कमी झाले. पाणमांजरं खालच्या मोठ्या डोहाकडे निघाली. जमिनीवरून जायची सोय नव्हती. नदीच्या पात्रात कलिंगडाचे मळे होते, आणि मळ्यांवर राखणीची कुत्री. वाट एकच होती, दोन कातळांमधल्या अरुंद धारेतून पोहत जायची.

"चल गं बाई," आई म्हणाली. "तुला तर सगळं येतं."

लेकीने कान मिटले. शेपूट सरळ केली. एक पाय पाण्यात घातला आणि मागे घेतला. आईने तिचं मानगूट धरलं, तशी ती मुळाला घट्ट बिलगली. आईने ओढलं, तेव्हा तिने आईचं नाक ओरबाडलं. "नको! मला मारू नकोस!"

"मावशी, दोन दिवस थांबता का?" आईने रडकुंडीला येऊन विचारलं.

"आम्ही थांबू गं. पाणी थांबेल का?" मावशी म्हणाली, आणि सगळ्यांच्या मागोमाग धारेत शिरली.

आई लेकीपाशी राहिली. कातळांमधली धार तुटली. डोहाचं डबकं झालं, डबक्याचा चिखल. आईची हाडं दिसू लागली. मिळेल ते ती लेकीला द्यायची.

एके दिवशी एक बगळा चिखलात उतरला. बोलायला कुणी मिळालं म्हणून लेक खूश झाली. "तुला माहीत आहे का, मासा कुठे लपतो?" तिने विचारलं आणि घडाघडा म्हणायला सुरुवात केली. बगळा मान वाकडी करून ऐकत राहिला.

"शाबास! किती येतं तुला!" तो म्हणाला. "सांग, सांग, पुढे सांग." आणि तिने सांगितलं तिथेच, दगडाच्या सावलीत, चोच घालून त्याने उरल्यासुरल्या पाण्यातला शेवटचा मासा उचलला.

लेक आनंदाने आईकडे वळली. "ऐकलंस ना? तो म्हणाला, मला किती येतं!"

आईने मान हलवली. आज तिने "म्हणून दाखव" म्हटलं नाही.

तात्पर्य : आपल्या भीतीपायी लेकराचं शिकणं जो अडवतो, त्याने लेकराला जपलं असं म्हणू नये. त्याने फक्त आपली भीती जपलेली असते.