तिघांचा फोटो

एकदा एका गृहस्थाने मनावर घेतले की आपल्या घरात कॅमेरा असायला हवा. फार भारी नको, आपल्या पगारात बसेल असा; पण डिजिटल हवा, म्हणजे रीळ धुवून आणायची भानगड नको आणि चार फोटो बिघडले तरी हळहळ नको. गृहस्थाचे नाव सदानंद. तालुक्याच्या गावी जमीन मोजणीच्या कचेरीत तो नकाशे सांभाळायचा. नकाशातली रेघ केसभर हलली तर दोन भाऊ जन्माचे वैरी होतात, हे रोज पाहणारा माणूस. त्यामुळे कुठलीही गोष्ट नीट पडताळल्याशिवाय तो हातात घेत नसे. हा गुण आहे, हे मीही मानतो. पुढे जे झाले ते या गुणापायीच झाले, एवढेच माझे म्हणणे आहे.

कॅमेऱ्याची गरज पडली ती आईमुळे. आईला यकृताचा आजार निघाला, तोही शेवटच्या टप्प्यावर. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सदानंदला बाजूला घेऊन सांगितले की आता औषध द्यायचे ते त्रास कमी करण्यापुरते. चार महिने मिळतील, फार तर पाच. घरी येऊन त्याने कपाट उपसले, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की घरात आईचा धड असा एकही फोटो नाही. मतदार ओळखपत्रावर एक होता, पण तो हातात आल्यावर आईनेच विचारले होते, ही कोण बाई म्हणून. लग्नाच्या अल्बममध्ये ती एका कोपऱ्यात होती, तीही कुणाच्या तरी फेट्याआड अर्धी. सदानंद त्या पसाऱ्यात बसून रडला. आई गेल्यावर तिचा चेहरा तरी आपल्याजवळ राहिला पाहिजे, असे त्याने ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी कॅमेऱ्याच्या शोधाला लागला.

शोधाला लागला म्हणजे अक्षरशः हात धुऊन मागे लागला. त्याने एक वही केली, तिच्यात रकाने आखले. जो स्वस्त होता त्याचे मेगापिक्सेल कमी पडत होते. ज्याचे मेगापिक्सेल भरपूर त्याचा झूम नुसता नावाचा. एक साध्या सेलवर चालायचा, ते सोयीचे वाटले. पण ओळखीच्या एकाने सांगितले की तो सेल खातो. आईची खोली अंधारी, म्हणून कमी उजेडात कोणता कॅमेरा चांगला, याचा वेगळा रकाना झाला. तालुक्याची दुकाने झाली, जिल्ह्याची झाली. कचेरीत कुणी तरी म्हणाले की दसऱ्याला नवे मॉडेल येते आणि जुने स्वस्त होते. मग दसऱ्यापर्यंत थांबणे आलेच. त्याची बायको कुंदा एकदा म्हणाली, कुठला तरी आणा पण आणा. त्यावर त्याने तिला समजावले की कॅमेरा काही रोज रोज घेतला जात नाही, एकदाच घ्यायचा तर नीट बघून घ्यावा. त्याचे बोलणे चुकीचे नव्हते. दुकानात तुम्ही-आम्ही सगळे असेच बोलतो.

आईला या खटाटोपाची गंमत वाटायची. तो घरी आला की ती विचारायची, ठरला का रे तुझा कॅमेरा? मग तो तिच्या खाटेशी बसून वही उघडायचा आणि कुठल्यात काय कमी, कुठल्यात काय जास्त, हे तिला वाचून दाखवायचा. तिला त्यातले ओ की ठो कळत नव्हते, पण मुलगा जवळ बसतो याचे समाधान होते. तो मात्र वहीतच बघत असायचा. असे तीन महिने गेले. या तीन महिन्यांत आईचे गाल बसले, डोळे पिवळे झाले, पोट फुगले आणि हातापायांच्या काड्या झाल्या.

अखेर वहीत दोनच कॅमेरे उरले. त्यांतला कोणता घ्यावा, हे काही ठरेना. तेव्हा सुट्टीच्या दिवशी तो ढवळे सरांकडे गेला. सर गावातल्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. चित्राचे, रंगाचे, चौकटीचे काहीही अडले की गाव त्यांच्याकडे जाई. सदानंद त्यांचा आवडता विद्यार्थी. शाळेत त्याच्या हातात खरोखरच कला होती.

सरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. वही चाळली. मग त्यांनी विचारले की इतकी वर्षे झाली, घरात आईचा एकही फोटो कसा नाही? सदानंदने कारण सांगितले. तिघांचा फोटो काढू नये, काढला तर त्यांतले एक माणूस जाते, असे आईच्या मनात पक्के बसलेले. आणि घरात माणसे नेहमी तीनच. लहानपणी जत्रेतल्या स्टुडिओत गेले की आई म्हणायची, तुम्ही दोघं बसा, मी आहे इथे. वडील आणि तो खुर्चीवर बसायचे आणि आई पडद्याजवळ त्याची टोपी सांभाळत उभी राहायची. पुढे वडील गेले आणि त्याच वर्षी कुंदा घरात आली. पुन्हा तीनच. मूलबाळ झाले नाही, त्यामुळे चौथे माणूस कधी आलेच नाही. आणि एकटीचा काढू म्हटले, तर एकटीचा फोटो मेल्यावर लावतात, असे म्हणून ती उठून जायची.

सरांनी वही मिटली. त्यांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली आणि या दोन कॅमेऱ्यांतला कोणताही एक काढून दाखव म्हणाले. सदानंदला हसू आले, पण सरांचा शब्द मोडवेना. पाच-सात मिनिटांत त्याने कॅमेरा काढला: भिंगाभोवतीची कडी, फ्लॅश, बाजूची दोरी ओवायची खाच, वरच्या लहान लहान बटणांच्या जागासुद्धा. कॅमेरा समोर नसताना काढला, तरी एक रेघ चुकली नाही.

सरांनी कागद उलटा केला. म्हणाले, आता आई काढ.

त्याने आधी डोक्यावरचा पदर काढला. मग अंबाडा. मग चेहऱ्याची कड काढली, ती खोडली, पुन्हा काढली. नाकाशी येऊन त्याचा हात थांबला. आईचे नाक सरळ की टोकाशी थोडे खाली, हे काही केल्या त्याला आठवेना. भुवया जाड की विरळ? हसताना ओठ कुठल्या बाजूला जास्त जातो? रोज जिच्या हातचे जेवला, तिचे डोळे मनात आणायला गेला तर नुसता आजाराचा पिवळेपणा पुढे येत होता. कागदावर पदर होता आणि पदराखाली कुणीच नव्हते. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

सर म्हणाले, "सदा, हात अजून चांगला आहे तुझा. कॅमेरा नेमका आला, कारण तीन महिने तू तो बघितलास. जे बघावं तेच हाताला येतं. मी जन्मभर शाळेत एवढंच शिकवलं. आई पुढं बघायला मिळावी म्हणून धडपडलास, ते खोटं नाही. पण त्या धडपडीत ती समोर होती तेव्हा बघायची राहिली. तुम्हाला काही होऊ नये म्हणून ती माउली फोटोतनं बाजूला उभी राहिली. कॅमेऱ्याला ती दिसली नाही, त्याला आपण काय करणार? तो समोरचंच घेणार. पण तू तर कॅमेरा नव्हतास."

सदानंदला वर बघवेना. खाली बघतच त्याने विचारले, आता काय करू?

"वाटेत दिसेल तो कॅमेरा घे," सर म्हणाले. "आणि जे उरलंय ते बघ. थोडंच उरलंय. बघवणार नाही, तरी बघ."

त्याने तसेच केले. दुकानदाराने जो आधी पुढे ठेवला तो घेतला, वही उघडलीसुद्धा नाही. घरी कुंदाने आईला उशीला टेकवून बसवले होते, केस विंचरले होते. नको म्हणून उठून जायचे त्राण आता आईत नव्हते. त्याने कॅमेरा डोळ्यांसमोर धरला, एक फोटो काढला आणि मागच्या काचेवर पाहिला. त्यातली बाई त्याच्या ओळखीची नव्हती. जिचा चेहरा त्याला राखून ठेवायचा होता, ती कधीच पुढे निघून गेली होती. कॅमेरा कितीही चांगला असता तरी आता ती त्यात येणार नव्हती.

त्यानंतर आई सहा दिवस होती. सदानंदने रजा टाकली आणि तो तिच्या उशाशी बसून राहिला. त्या पहिल्या संध्याकाळी त्याने कॅमेरा कपाटात ठेवला आणि तिच्याकडे नुसता पाहू लागला. भुवया विरळ होत्या. हनुवटीखाली एक बारीकसा डाग होता. डाव्या डोळ्याची पापणी जराशी उतरली होती. पण भुवया पहिल्यापासून अशाच होत्या की आता झडल्या? डाग जन्माचा की महिन्याभरातला? यातले आईचे कोणते आणि आजाराचे कोणते, हे त्याला सांगता येईना, आणि आपल्याच आईबद्दल असे कोणाला विचारायची सोय नव्हती.

त्याची नजर हलत नाही असे पाहून आई म्हणाली, "असा काय बघतोस रे? कधी बघितलं नाहीस का मला?"

"नाही, आई," तो म्हणाला.

आईला ती थट्टा वाटली, आणि ती हसली.