साळिंदररावांचे सात रांजण

जंगलात माणसाचं पाऊल पडलं नव्हतं, तेव्हा सगळी जनावरं एकाच झऱ्याचं पाणी प्यायची. झऱ्याची निगा पाणमांजरी राखायची.

एका उन्हाळ्यात सगळ्यांचीच पोटं दुखू लागली. पाण्यात काय आहे ते शोधायला पाणमांजरीने तळाचे दगड हलवले, म्हणून दुपारभर पाणी गढूळ आलं. झालं! साळिंदररावांचे काटे ताठ. “हिच्या मर्जीवर आम्ही जगायचं? मी माझं पाणी घरात ठेवीन.” दुसऱ्या दिवशी गाळ बसताच त्यांनी सात रांजण भरून बिळात नेले, वर झाकणं घातली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं शहाणपण ऐकवत दारात बसले. ऐकणारे माना डोलवत होते, हे आणखी विशेष.

तिसऱ्या दिवशी पाणमांजरीला झऱ्याच्या मुखाशी अडकलेली काजऱ्याची विषारी फळं सापडली. तिने ती उपसून दूर पुरली. दोन दिवसांत हरणांपासून उंदरांपर्यंत सगळे बरे झाले, कुणाला काही करावं लागलं नाही.

मग ती धावत साळिंदररावांकडे गेली. “भावजी, ते रांजण आधी ओतून टाका. झऱ्याचं पाणी आता चांगलं झालंय.”

“बोट लावायचं नाही!” साळिंदरराव गरजले. “तुझं पाणी रोज बदलतं. माझं भरलं त्या दिवशी जसं होतं, अगदी तस्संच आहे.”

आणि त्यांनी पोट धरून कण्हणाऱ्या पोरांना आणखी एकेक वाटी पाजली.