राजकन्येची पहिली ओंजळ

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या राज्यात एक राजकन्या होती, आणि तिच्यामागे कामं फार होती. राजकन्या म्हटलं की तुम्हाला वाटेल, बसली असेल झोपाळ्यावर पोपटाला डाळिंब भरवत. छे! तिला मान वर करायला फुरसत नसे. राज्यात रीतच होती, की नवीन काही झालं तर पहिला मान राजाच्या लेकीचा. नव्या पुलावर पहिलं पाऊल तिचं, नव्या जात्यात पहिली मूठ तिची, आणि नव्या विहिरीचं पाणी पहिल्यांदा तिनंच प्यायचं. ती ओंजळभर पिऊन "गोड आहे" म्हणाली, की मगच गावानं घागरी बुडवायच्या.

ही रीत घालणारे पूर्वज शहाणे होते. दिवाणजी मात्र अतिशहाणे निघाले. "ताईसाहेब, गावोगावचं पाणी पिऊन घसा बसेल," असं म्हणत त्यांनी राजवाड्यातूनच वाळ्याच्या पाण्याची सुरई न्यायला सुरुवात केली. विहिरीवर नारळ फुटायचा, ताशे वाजायचे आणि त्या गडबडीत चांदीच्या पेल्यात सुरईतलं पाणी पडायचं. राजकन्येला पुढच्या गावाची घाई. ती घोटभर प्यायची, "गोड आहे" म्हणायची आणि घोडीवर बसायची.

एका उन्हाळ्यात माळावरच्या गावात असंच झालं. त्या दिवशी तर ती "फारच गोड आहे!" म्हणाली. 'फारच' का म्हणाली कोण जाणे. ऊन होतं, वाळ्याचं पाणी गार होतं, म्हणून असेल.

पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच वाटेनं निघाली होती. वाटेत सुरई कलंडली आणि पाणी सांडून गेलं. घशाला कोरड पडलेली, म्हणून राजकन्येनं घोडी गावात वळवली आणि एका म्हातारीच्या दाराशी उतरली. म्हातारीनं तांब्या आणला, पण आधी गुळाचा भलामोठा खडा पुढे केला.

"आधी गूळ खावा, ताईसाहेब. मग पानी."

"अहो आजी, एवढा?"

"आमच्या गावची रीतच हाय तशी."

तेवढ्यात अंगणातल्या डोणीत घोडीनं तोंड घातलं, फुर्र केलं आणि मान फिरवली. उन्हातून आलेली तहानलेली घोडी पाण्याला तोंड लावेना! तिला बिचारीला दरबारी रीतभात कुठली ठाऊक?

राजकन्येनं गूळ बाजूला ठेवला आणि तांब्या तोंडाला लावला. पहिल्याच घोटाला तिचा चेहरा वेडावाकडा झाला. पाणी खारट होतं.

"आजी, हे कुठलं पाणी?"

"तुम्ही गोड म्हनालात, त्या विहिरीचं."

"आणि तुम्ही वर्षभर हेच पिताय?"

म्हातारी ओशाळली. "पहिल्या दिशी आम्हास्नी बी खारंच लागलं. पन तुम्ही गोड म्हनालात, म्हंजे आमच्याच जिभा बिघडल्या असतील. वैद्यबुवांनी समद्या गावाला कडू काढा पाजला. त्यानं बी काय होईना, तवा ही गुळाची युक्ती काढली. तान्ह्या पोरांपुरतं पानी बाया नदीवरनं आनत्यात. नदी लई लांब हाय, पन तुमचा शब्द कसा खाली पडू द्यायचा?"

राजकन्येच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं विचार न करता टाकलेला शब्द हे गाव वर्षभर डोक्यावर वाहत होतं.

बरोबर आलेले दिवाणजी तिच्या कानाशी लागले. "गुपचूप दुसरी विहीर खणून देऊ. पण कबूल काही करू नका. आज शब्द खोटा ठरला, तर उद्या तो मानणार कोण?"

राजकन्येलाही तीच भीती वाटत होती. लोक हसतील, महाराज रागावतील. पण नदीच्या वाटेवरच्या त्या बाया तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. तिनं दवंडी पिटवून गाव गोळा केलं आणि ती विहिरीच्या काठावर उभी राहिली.

"त्या दिवशी मी हे पाणी प्यायलेच नव्हते. राजवाड्यातलं पाणी पिऊन गोड म्हणाले. विहीर खारट आहे. तुमच्या जिभा अगदी ठणठणीत आहेत. माझं चुकलं."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून कुणीतरी कळवळून ओरडलं, "म्हंजे तो काढा आम्ही फुकटच प्यालो की!"

सगळं गाव खो खो हसलं. वैद्यबुवा हळूच घरी सटकले.

टेकडीच्या पायथ्याशी नवी विहीर खणली. पाणी लागलं तशी राजकन्या आली, तीही सुरईशिवाय. ओंजळ भरून प्यायली आणि तिनं तोंड वाकडं केलं. "तुरट आहे. आणखी खणा." दिवाणजींनी कपाळाला हात लावला, कारण ताशेवाले तयारीत उभे होते. गावकरी मात्र कुदळी घेऊन हसत खाली उतरले.

पुढच्या खेपेला ती एक ओंजळ प्यायली, मग दुसरी, मग पुढची. बोलायचं विसरून नुसती पीतच राहिली. ती तोंड उघडायच्या आत बायांनी घागरी बुडवल्यासुद्धा! तिचा शब्द मानणार कोण, हे दिवाणजींनी पुन्हा कधी विचारलं नाही. घोडीनंही डोण रिकामी केली.

म्हातारी गुळाचा खडा घेऊन पुढे आली.

"आता गूळ कशाला, आजी? पाणी तर गोड आहे."

"व्हय की. म्हनून तर आता गुळाची खरी चव लागंल. खावा, लेकी."

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर गाव घागर भरतं, त्यानं आधी स्वतःची ओंजळ भरून प्यावी.