राहीचा फणस

फार वर्षांपूर्वी, साकवाडीच्या वहाळाला बारमाही पाणी असायचं तेव्हाची ही गोष्ट. गावात नवी सून आली की तिला परसात एक वाफा मिळे. त्यात एकच फळझाड लावायचं, आणि तेही तिनंच निवडायचं. ऐकायला किती गोड! पण तिसरा वैशाख सरायच्या आत झाड फळलं नाही, तर जसं झाड तशी सून, वांझ, असं ठरवून तिला कायमची माहेरी धाडत. मग काय, साऱ्या सुना केळ लावत. केळ वर्षभरात फळते.

शेवंतीनंही आपल्या वेळी केळच लावली होती. तिच्या घरी राही सून म्हणून आली. पोर हसरी, कामाला वाघीण. शेवंतीचा तिच्यावर जीव जडला. तिनं केळीचं जोमदार रोप आधीच काढून ठेवलं. राहीनं मात्र ओटीतली फणसाची आठळी काढली आणि वाफ्यात पुरली. शेवंतीच्या हातातलं रोपच गळून पडलं.

“अगे, ह्यां काय केलंस? फणस काय इतक्यात फळूचो नाय! खुळी की काय तू?”

“केळ एकदाच फळता, आये. मगे तिका कापतत.”

इतक्या केळी शेवंतीनं स्वतःच्या हातांनी कापल्या होत्या, पण हे कधी मनात आलं नव्हतं.

आता लावलेलं उपटायचं नाही, हाही नेमच. शेवंती चोरून शेणखत घाली, तांदळाचं धुवण घाली. तरी तिसऱ्या वैशाखाच्या अमावास्येला रोप जेमतेम गुडघ्याएवढं! मानकरी अंगणात जमले. राहीनं गाठोडं खांद्यावर घेतलं, आणि तोच परसातून जमीन फाटल्यासारखा आवाज आला. सगळे धावले. वाफा मधोमध तडकला होता आणि भेगेतून पिकल्या फणसाचा घमघमाट सुटला होता. जुन्या फणसाला कधीमधी मातीखाली, मुळाशी फळ धरतं, हे गावाला ठाऊक होतं. पण गुडघ्याएवढ्या रोपाला? तो फणस बैलाच्या धडाएवढा होता, चौघांनाही उचलेना, असं म्हणतात.

“रव गे बाय, तुझां झाड फळलां,” थोरला मानकरी कसाबसा म्हणाला.

राहीनं गाठोडं खाली ठेवलं नाही. “झाड फळलां म्हणान रवू? आणि फळलां नसतां तर?”

शेवंती तरातरा घरात गेली, आपलं लुगडं घेऊन आली आणि राहीच्या गाठोड्यात कोंबलं.

“आता आमका दोघींका धाडा,” ती मानकऱ्यांना म्हणाली.

सासू सुनेबरोबर घर सोडून निघाली! फणसानं बसला नव्हता एवढा धक्का गावाला बसला. त्या दोघी वहाळापर्यंत गेल्या होत्या, आणि सारा गाव मागून हात जोडत धावला, असं म्हणतात. तो नेम त्याच वहाळाच्या काठी मोडला.

आजही साकवाडीत सासू नव्या सुनेला परसात नेते आणि राहीचं नाव घेऊन विचारते, काय लावतेस? सून डाळिंब म्हणो, चिकू म्हणो, नाहीतर रातांबा म्हणो, खड्डा सासूनंच खणायचा. फळलं का, हे मात्र पुढे कधीही विचारायचं नाही, झाडाबद्दल नाही आणि सुनेबद्दलही नाही. तिथल्या परसांत न फळलेली झाडं पुष्कळ आहेत. त्यांनाही रोज पाणी घालतात.