भिंगावरचं नाव

खगोल मंडळाला दुर्बीण देणगी देणारे आबासाहेब खराडे उद्घाटनाला चक्क पेंटर घेऊन आले. म्हणाले, "पुढच्या मोठ्या भिंगावर माझं नाव टाका. चंद्र बघणाऱ्याला आधी मी दिसलो पाहिजे!"

वर्गणी काढून दुर्बिणीचा घुमट सभासदांनी बांधला खरा, पण भिंग आबासाहेबांचं. नाही कोण म्हणणार? पेंटरने ब्रश बुडवला, तशा मंडळाच्या चिटणीस शालनताई पुढे झाल्या.

"खुशाल लिहा, आबासाहेब. भिंगावरची अक्षरं बघणाऱ्याला दिसत नाहीत, चंद्र तेवढा अंधूक होतो. लोक विचारतीलच, चंद्राची ही दशा कोणी केली? तेव्हा आम्ही तुमचंच नाव सांगू."

पेंटरने मुकाट्याने डब्याचं झाकण लावलं.