चार डोकी भरली

एका गावात एक भोळा बाप होता. बाप भोळाच असतो, असं घरोघरच्या पोरांचं मत असतं. पण कोरेवाडीच्या निवृत्ती शेलारच्या बाबतीत ते मत सगळ्या गावाने मान्य केलं होतं. त्याची पिठाची गिरणी होती. "निवृत्ती, दळण जरा बारीक बघ," असं गिऱ्हाईक म्हणालं, की तो डोळे बारीक करून गिऱ्हाइकाकडे बघायचा. दळण जाडच राहायचं.

त्याला वंदना नावाची बायको होती. ती हुशार होती. एका घरात दोघांनी हुशार असायची गरज नसते, म्हणून तिने चालवून घेतलं होतं. सोळा वर्षांची समीक्षा आणि चौदा वर्षांचा राजवर्धन अशी दोन पोरं होती. गुणी पोरं. दिवसभर मोबाईलमध्ये मान घालून बसायची, कोणाला त्रास नाही. पोरं घरात आहेत की नाहीत, हे चार्जर भिंतीला लावलेला आहे का ते बघून कळायचं.

समीक्षाची दहावी झाली. जूनपासून ती शिकायला सांगलीला मावशीकडे जाणार होती. वंदनाच्या मनात आलं, पोरगी घराबाहेर पडायच्या आत चौघांनी एकदा मिळून कुठेतरी जावं. हसावं, खेळावं. दोन-तीन तासांच्या वाटेवर 'धम्माल नगरी' नावाचं मोठं पार्क होतं. तिथे माणसाला पाण्यात ढकलतात, उलटं टांगतात, गरगर फिरवतात, आणि हे सगळं सोसायला लोक तिकीट काढून जातात. पार्कचं नाव काढताच पोरांनी माना वर केल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचे चेहरे दिसले. राजवर्धनला मिसरूड फुटलेली बघून निवृत्तीला नवल वाटलं.

"दरवेळी मीच का सगळं करायचं?" वंदना म्हणाली. "या वेळी सगळं तुम्ही ठरवा. फक्त एक करा. पोरं आता मोठी झालीत. काय करायचं ते त्यांना विचारून करा."

निवृत्तीने मान हलवली. मान हलवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

दुसऱ्या दिवशी वंदना गिरणीत गेली होती आणि निवृत्ती ओट्यापाशी होता. गॅसवरचं दूध वर यायला लागलं. निवृत्ती न्हाणीच्या दाराशी धावला.

"राजवर्धन, दूध वर येतंय. गॅस बंद करू का?"

आत नळ आणि गाणं दोन्ही जोरात चालू होतं. निवृत्तीने समीक्षाच्या खोलीचं दार वाजवलं.

"समीक्षा, दूध उतू चाललंय. बंद करू का?"

"पप्पा, दोन मिनिटं थांबा ना!"

निवृत्ती दोन मिनिटं थांबला. दूध थांबलं नाही.

वंदना आली, तेव्हा दूध ओट्यावरून उतरून उंबऱ्याकडे निघालं होतं. "अहो, असल्या गोष्टी कुणी विचारत बसतं का? त्या आपल्या मनाने करायच्या!"

"बरं. यापुढे मनाने करतो." निवृत्तीने मान हलवली.

चार दिवस गेले. जेवताना वंदनाने विचारलं, "तिकिटं काढली का हो पार्कची?"

"काढली."

"अगं बाई! कधी?"

"काल दुपारी. खाटेवर पडल्या पडल्या काढली. गर्दी अजिबात नव्हती."

"कुठायत मग?"

"कुठे म्हणजे? मनाने काढली ना."

वंदनाच्या हातातला घास हातातच राहिला. समीक्षा मोबाईलमधून मान न काढता म्हणाली, "मस्तच. मग आपण जाऊन पण मनातल्या मनातच येऊ. उन्हाचा त्रास नाही."

"जाऊ की," निवृत्ती म्हणाला. "मला चालेल."

"तुम्हाला काय न चालायला झालंय!" वंदना कडाडली. "मनात ठेवून काय उपयोग? उद्याच्या उद्या खरीखुरी तिकिटं काढा. आणि काढली की आधी पोरांच्या कानावर घाला."

निवृत्तीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो बाजारपेठेत गेला, झेरॉक्सवाल्याकडून चार तिकिटं छापून घेतली आणि भर दुपारी घरी आला. पोरं पंख्याखाली झोपली होती. कानांत वायरी होत्या, पण कानांवर जागा मोकळी होती. निवृत्तीने दोन तिकिटं समीक्षाच्या कानांवर घातली, दोन राजवर्धनच्या. नीट बसत नव्हती, पण बापाने चिकाटी सोडली नाही. मग त्याला वाटलं पोरांना उकडत असेल. त्याने पंखा मोठा केला.

तिकिटं खिडकीतून अंगणात गेली. अंगणात शेजारच्या अनुसयाकाकूंची शेळी होती. तिने तीन तिकिटं खाल्ली. चौथ्याची मागची बाजू वर होती, त्यावर नियम आणि अटी होत्या. ते तिनेही सोडून दिलं.

वंदनाने कपाळाला हात लावला. "अहो, मोलाची वस्तू अशी उघड्यावर टाकतात? ती घरात आत ठेवायची, बाहेरून कुलूप लावायचं आणि किल्ली कंबरेला खोचायची!"

"एवढंच ना?" निवृत्ती म्हणाला, आणि त्याने मान हलवली.

तिकिटं पुन्हा छापून आणली. वंदनाने ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवली, कारण ती हुशार होती. जायचा दिवस उजाडला. गावातल्या दस्तगीरची पांढरी जीप ठरवली होती, ती दारात आली. वंदना पुढच्या सीटवर बसली. मांडीवर दशम्या, लाडू आणि शेंगदाण्याची चटणी. अनुसयाकाकू निरोप द्यायला आल्या. शेळीचं प्रकरण ताजं होतं, म्हणून त्या जरा जास्तच गोड बोलत होत्या.

"निवृत्ती, पोरांना जप रे बाबा. पोरं हीच खरी मोलाची दौलत."

निवृत्तीचा एक पाय जीपमध्ये होता. तो तिथेच थबकला. मोलाची? पोरं आतल्या खोलीत मोबाईल चार्जिंगला लावून बसली होती. तो परत गेला, हळूच दार ओढलं, बाहेरून कुलूप लावलं, किल्ली कंबरेला खोचली आणि मागच्या सीटवर येऊन बसला.

"चला," तो म्हणाला. जीप निघाली.

मागे सगळं शांत होतं. वंदनाला त्यात काही नवीन वाटलं नाही. पोरं प्रवासात तोंड उघडत नसत. टोलनाक्यापाशी तिने लाडू काढला आणि हात मागे केला.

"समीक्षा, लाडू घे."

उत्तर नाही. तेही नेहमीचंच.

"राजवर्धन, लाडू."

राजवर्धनने आयुष्यात लाडवाला उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. वंदना गर्रकन वळली.

"अहो! पोरं कुठायत?"

"काळजी करू नकोस," निवृत्तीने कंबरेची किल्ली काढून दाखवली. "एकदम सुरक्षित आहेत."

जीप परत फिरली. घराचं कुलूप उघडलं. पोरं होती तिथेच, होती तशीच बसली होती. राजवर्धनने मान वर न करता विचारलं, "आलं का पार्क?"

वंदनाने या वेळी अंगणात उभं राहून नवऱ्याला झाडलं. दस्तगीरने ऐकलं, अनुसयाकाकूंनी ऐकलं, शेळीनेही ऐकलं. "गाडी सोडायच्या आधी डोकी मोजायची! आपण चार माणसं, चार डोकी. चाराला कमी नाही, चाराला जास्त नाही. चार भरली की मगच गाडी सोडायची!"

"हे आधी सांगायचं होतं," निवृत्ती म्हणाला, आणि त्याने मान हलवली.

पार्कच्या फाटकावर पहारेकऱ्याने सगळ्यांना मोबाईल बंद ठेवायला सांगितलं. आत पाणी फार आहे, भिजतील. निवृत्तीने लगेच बंद केला. पोरांनी ऐकलं नाही.

आत एक भलीमोठी नाव होती. ती दोन्ही बाजूंनी वर जायची आणि माणसं किंचाळायची. पोरं तीत जाऊन बसली. आणखी तीसचाळीस माणसं बसली. नाव चालवणाऱ्याने शिट्टी फुंकली. एवढ्यात निवृत्ती कठडा ओलांडून पुढे आला.

"थांबा! डोकी मोजू द्या."

"काय?"

"चारच पाहिजेत. इथे फार झालीत. बाकीच्यांनी उतरा."

"ओ काका, बाजूला व्हा!" नावेतून कोणीतरी ओरडलं.

"चाराला जास्त नाही," निवृत्ती शांतपणे म्हणाला. "आमच्या घरात ठरलंय."

रांगेतले लोक बोंबलायला लागले. पहारेकरी धावत आला. लोकांनी मोबाईल वर करून चित्रण सुरू केलं. निवृत्तीला वाटलं, आपली ओळख पटवून दिली की प्रश्न मिटेल. त्याने नावेकडे बोट केलं.

"ती निळ्या टोपीतली माझी समीक्षा! लहानपणी पाळण्यातसुद्धा घाबरून रडायची! आणि तो माझा राजवर्धन! त्याला गाडी लागते हो, कोणीतरी पिशवी द्या त्याला!"

सगळी नाव हसली. समीक्षा एकही झोका न घेता खाली उतरली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. राजवर्धन टोपी नाकापर्यंत ओढून तिच्या मागे.

"पप्पा, हात जोडते," समीक्षा दात चावून म्हणाली. "आता यापुढे चारचौघांत आम्हाला ओळख दाखवायची नाही. आमच्या तोंडाकडे बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही. कळलं?"

निवृत्तीने मान हलवली. या वेळी ती जरा हळू हलली.

मग दिवसभर तो जमिनीकडे बघत दहा पावलं मागून चालला. वंदना म्हणाली, "अहो, असं काय चोरासारखं?" तर तिच्याकडेही त्याने बघितलं नाही. एकदा त्याने पोरांसाठी आईस्क्रीमचे दोन कोन घेतले, पोरांसमोरच्या बाकावर उभे करून ठेवले आणि स्वतः झाडामागे जाऊन थांबला. कोन आडवे झाले. आईस्क्रीम वितळून बाकाखाली गेलं. मुंग्यांचा दिवस मात्र धम्माल गेला.

परतायची वेळ झाली. वंदना म्हणाली, "तुम्ही जीपपाशी जाऊन थांबा. आम्ही ओले कपडे बदलून येतो." निवृत्ती जीपपाशी गेला. आजूबाजूला तशाच पांढऱ्या जीप उभ्या होत्या. कुठलंसं मोठं कुटुंब सहलीला आलं होतं. थोड्या वेळाने एक मुलगी आणि एक मुलगा आले. टोप्या, कानांत वायरी, माना मोबाईलमध्ये. निवृत्तीच्या जीपचं दार उघडून दोघं मागे बसले. निवृत्तीने सांगितल्याप्रमाणे तोंडाकडे बघितलं नाही. फक्त वरून डोकी मोजली.

एक, दोन. दस्तगीर तीन. स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून, चार.

"भरली," तो म्हणाला. "सोड गाडी."

"आणि वहिनी?" दस्तगीरने विचारलं.

"चाराला जास्त नाही. सकाळी तू ऐकलंस ना?"

दस्तगीरने ऐकलं होतं. सगळ्या आळीने ऐकलं होतं. नवराबायकोच्या भांडणात पडायचं नाही, असा त्याचा नियम होता. त्याने जीप सोडली.

फाटकापाशी मागून आरडाओरडा ऐकू आला. "अहो! अहो, थांबा!" "पप्पा! पप्पा!" निवृत्तीने मागे बघितलं. ओल्या केसांची वंदना, तिच्या पुढे समीक्षा आणि एक चप्पल हातात घेतलेला राजवर्धन जीपमागे धावत होते. निवृत्तीने तिघांनाही लगेच ओळखलं. पण आजूबाजूला शेकडो माणसं होती. त्याने चटकन तोंड दुसरीकडे फिरवलं. समीक्षाचा शब्द आपण पाळला, म्हणून त्याची छाती फुलली. पोरं मागे धावताहेत, तर जीपमध्ये कोण, हा प्रश्न त्याला पडला नाही; डोकी चार भरली होती.

"कोण ओळखीचं हाय का?" दस्तगीरने आरशात बघत विचारलं.

"गप्प," निवृत्ती कुजबुजला. "चारचौघांत बोलू नकोस."

वाटेत मुलीने चिवड्याची पुडी पुढे केली. "घ्या ना, काका." निवृत्तीला गहिवरून आलं. पप्पा म्हणायलाही बंदी असेल, पण पोरीने आपण होऊन काही दिलं तरी! मुलाने खिडकी उघडून मागितली आणि चक्क थँक्यू म्हणाला. निवृत्तीने उपरण्याने डोळे पुसले. एका दिवसात पोरं किती सुधारली! दरवर्षी आणायला पाहिजे.

दिवे लागायच्या सुमारास जीप कोरेवाडीत शिरली. पार्कची हकीगत ऐकायला शेजारपाजार जमला. जीप थांबली, तशा मागच्या दोन माना वर झाल्या.

"हे कुठलं हॉटेल?" मुलगी म्हणाली. मग तिने नीट बघितलं आणि भोकाड पसरलं. "मामा कुठायत?"

"निवृत्ती," अनुसयाकाकू म्हणाल्या, "ही कोणाची पोरं आणलीस?"

निवृत्तीने पहिल्यांदा दोघांची तोंडं बघितली. बराच वेळ बघितली. "डोकी तर बरोबर आहेत," तो म्हणाला.

दस्तगीरने मुलीच्या मोबाईलवरून मामांना फोन लावला, पोटभर शिव्या खाल्ल्या, पोरांना परत मागे बसवलं आणि जीप वळवायला घेतली.

"अरे, आणि वंदना कुठाय?" काकू ओरडल्या. "फोन कर की तिला!"

निवृत्तीला आठवलं, मोबाईल अजून बंदच होता. त्याने तो चालू केला. चालू करताच वाजला. फोन समीक्षाचा होता. ती हुंदके देत होती.

"पप्पा! मी बोलतेय, समीक्षा! आम्ही अजून फाटकापाशीच उभे आहोत. पप्पा, चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं. तुम्ही या ना आम्हाला घ्यायला. पप्पा, ऐकताय ना?"

निवृत्तीने फोन कानाशी घट्ट धरला. गेल्या वर्षभरात पोरगी त्याच्याशी एका दमात इतकं बोलली नव्हती. तो "बाळा" म्हणणारच होता. पण त्याने समोर बघितलं. अनुसयाकाकू होत्या, त्यांचे यजमान होते, झेरॉक्सवाला होता, अर्धी आळी कान टवकारून उभी होती. चारचौघं कसली, चांगली पंचवीस माणसं.

निवृत्तीने स्वतःला सावरलं.

"कोण समीक्षा?" तो म्हणाला. "राँग नंबर." आणि डोळे पुसत त्याने फोन पुन्हा बंद करून टाकला.