महाराजांना मागचं दिसलं

परीक्षेच्या मोटारीत बसल्या जागी मला मागचा रस्ता दिसला पाहिजे आणि माझ्यासमोर आरसा असता कामा नये, असा हुकूम सोनघळच्या दौलतराव महाराजांनी काढला. आता आरशाशिवाय मागचं दिसणार कसं? पण विचारणार कोण! दिवाळीत भुईनळ्याने त्यांची डावी मिशी अर्धी जाळली, तेव्हापासून त्यांना आरसा डोळ्यांसमोर नको होता. मोटार चालवायची परीक्षा मात्र तेच घेत. एका उमेदवाराने मोटार आरसा लावून आणली, महाराज मोटारीत चढलेच नाहीत. दुसऱ्याने आरसा काढून आणली, तर म्हणाले, मागचं काय तुझा आजा बघणार? तिसऱ्याने सुचवलं, सरकारांनी जरा मान वळवावी. त्याला तर हाकलूनच दिलं. राजाने मागे वळून बघायचं म्हणजे काय, चेष्टा आहे?

ठकूला मात्र परवाना हवाच होता. तिच्या वडिलांच्या, गेनूबा टांगेवाल्यांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि टांगा दारात उभा राहिला. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. दवाखान्याच्या मोटारीवर चालकाची जागा होती, पोरगी मोटार छान चालवायची, पण परवान्याशिवाय तिला घेणार कोण? गेनूबा म्हणाले, नाद सोड बाई. ठकू म्हणाली, सोडते, पण आधी टांग्याची मागची बैठक मला द्या.

सकाळी ठकू दवाखान्याची मोटार मागून घेऊन राजवाड्यासमोर आली. भोंगा, दिवे, ब्रेक, सगळं जिथल्या तिथे. आरसा औषधालाही नाही. महाराज खूश होऊन चढायला गेले आणि थबकले. त्यांची बैठक उलटी बसवलेली!

"मला पाठमोरं बसवतेस?"

"टांग्यात मागची सवारी अशीच बसते, सरकार. सगळा मागचा रस्ता दिसतो आणि मान वळवावी लागत नाही."

"आणि पुढचं कोण बघणार?"

"पुढचं मी बघणार. ते मला जमतं का, त्याचीच तर परीक्षा आहे."

महाराज चढून पाठमोरे बसले. मोटार सुटली.

वेशीत दिवाणजी कोतवालाबरोबर कमरेत वाकून मुजऱ्याला उभे होते. मोटार पुढे गेली तसे ते रोजच्या सवयीने ताठ झाले आणि गाल फुगवून, एकाच बाजूची मिशी पिळत महाराजांची नक्कल करू लागले. कोतवाल पोट धरून हसत होता. तेवढ्यात दिवाणजींची नजर वर गेली. समोर महाराज त्यांच्याचकडे बघत होते!

"थांबव!" महाराज कडाडले. मोटार जागच्या जागी थांबली. परवाना गेलाच, असं ठकूला वाटलं.

"पोरी, मागचं जरा जास्तच दिसलं गं!"

"हुकूमच तसा होता, सरकार."

महाराजांचा हात अर्ध्या मिशीकडे गेला आणि ते असे खदखदून हसले की मोटार हलायला लागली. परवाना तिथेच मिळाला, दवाखान्याची जागा मिळाली, गेनूबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन सरकारी खर्चाने ठरलं. महाराजांनी आपल्या मोटारीतही तशीच उलटी बैठक बसवून घेतली. त्या दिवसापासून मोटार वळणाआड जाईपर्यंत सोनघळात कोणी मुजऱ्यातून वर उठेना.